पापणीचं ऑपरेशन: तपासणीला फुल मार्क, घरी पाठवताना मात्र घाई

आईच्या उजव्या पापणीचं ऑपरेशन झालं त्याचा हा रिव्ह्यू, टोसिस म्हणतात त्याला, पापणी लोंबते आणि बुबुळावर येते. वाचायला बसली की आठ्या घालून भुवई वर ओढायची आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. चष्मा बदलून काय होणार, प्रश्न नंबरचा नव्हताच.

आधी एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये विचारलं तर डोळ्यात साधी बॅटरी न मारता थेट दोन्ही डोळ्यांचं पॅकेज, वर आधीचे-नंतरचे फोटो. तिथून सरळ उठलो. मग ऑक्युलोप्लास्टीवाल्यांकडे गेलो, म्हणजे मूळचे डोळ्यांचेच डॉक्टर पण पापणी, अश्रूनलिका आणि डोळ्याची खोबण यांचं वेगळं ट्रेनिंग घेतलेले.

इथली तपासणी एक नंबर. बॅटरीचा ठिपका बाहुलीवर जिथे चमकतो तिथून वरच्या पापणीची कड किती वर आहे ते पट्टीने मोजलं, नॉर्मल ४ ते ५ मिमी, आईचं जेमतेम १. मग भुवई अंगठ्याने दाबून धरली म्हणजे कपाळाची मदत बंद, आणि खाली बघा, आता वर बघा. पापणी भरपूर हलली, म्हणजे उचलणारा स्नायू ठणठणीत आहे, वयाने त्याची पुढची पट्टी सैल होऊन सुटलीय. पापणी दिवसभर सारखीच असते का संध्याकाळी जास्त पडते, एकाचे दोन दिसतात का, गिळताना त्रास होतो का, हे सगळं विचारलं आणि बराच वेळ नुसतं वर बघत बसवलं, कारण मायस्थेनिया नावाच्या, स्नायू लवकर थकण्याच्या आजारातही पापणी पडते आणि तिथे आधी औषधं लागतात, सुरी नाही. आणि हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं, पापणी अचानक पडली, दोन दोन दिसायला लागलं, बाहुली मोठी झाली किंवा डोकं भयंकर दुखायला लागलं तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, थेट इमर्जन्सी.

फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी, दोनदा केली, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा टेपने वर चिकटवून. पहिल्या कागदावर वरचा भाग काळाकुट्ट, म्हणजे तिथलं दिसतच नाही, दुसऱ्यावर मोकळा, बघून आईच गप्प झाली. उजवी पापणी बोटाने उचलल्यावर डावी किंचित खाली आली तेही दाखवलं, दोन्हीकडे मेंदूतून हुकूम सारखाच जातो म्हणे, त्यामुळे एक दुरुस्त केली की दुसरी पडू शकते. हे आधी सांगितलं म्हणून नंतर धक्का बसला नाही. रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल परस्पर आईच्या फिजिशियनशी बोलले, तुमच्या मनाने बंद करू नका असं दोनदा बजावलं.

ऑपरेशन फक्त जागा बधिर करून. मधेच टेबलावर उठवून बसवलं, "आजी, समोर बघा, आता वर, आता खाली," दोन्ही पापण्या जुळतायत का बघून मगच टाका पक्का. आजी म्हटल्याचा राग तिला अजून आहे, बाकी तक्रार नाही. टाके पापणीच्या घडीत घेतात त्यामुळे व्रण शोधावा लागतो.

आता नाराजी. घरी जाताना दिलेला सूचनांचा कागद मोतीबिंदूच्या ऑपरेशनचाच होता, वर पेनने "पापणी" खरडलेलं! पहिले दोन दिवस बर्फाचा शेक एवढं तोंडी सांगितलं, पण सुरुवातीला झोपेत डोळा थोडा उघडा राहतो हे कोणी बोललंच नाही, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन ती उठून बसली आणि दिलेला नंबर कोणी उचलेना. सकाळी कळलं की झोपताना मलम लावायचं असतं. डोळा जोरात दुखून फुगला किंवा दिसणं कमी झालं तर तसेच धावत या, हे तर त्या कागदावर ठळक छापलेलं पाहिजे. डॉक्टर एवढे बारकाईने बघणारे आणि स्टाफ असा ढिसाळ, कमाल आहे.

वेटिंग भयंकर, पण तिथेच कळतं की हा काही दिसण्याचा चोचला नाही. जन्मतःच पापणी बंद असलेलं बाळ होतं, बाहुली झाकलेली राहिली तर तो डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट तयारच होत नाही, म्हणून त्यांना थांबून चालत नाही. एका काकांच्या खालच्या पापणीवर न भरणारी छोटी जखम होती, तिथले केसही गळालेले, तो कॅन्सर निघाला. तो काढून वरच्या पापणीचा आतला पडदा खाली आणून जोडलेला, त्यामुळे काही आठवडे डोळा बंदच, नंतर कापून उघडणार. काका मात्र मजेत गप्पा मारत होते.

आईच्या दोन पापण्यांत आता अर्धा-एक मिमी फरक आहे, मला दिसतो, तिला नाही. तपासणी आणि हाताला ५ स्टार, फोन आणि कागदपत्रांना २. जाताना जुने फोटो सोबत ठेवा, पापणी कधीपासून पडतेय ते बघायला मागतात, आमची तिथेच फोनमध्ये शोधाशोध झाली.