मुलांच्या कागदकामासाठी गम: गोव्याच्या हवेत कोणता टिकतो?

गोव्यात मुलांच्या कागदकामाला जोर येतो तो नेमका हवा सर्वांत दमट असते तेव्हा. चवथीच्या मखराची फुले आणि झालरी भर पावसात कापल्या जातात, त्यानंतर शाळेचे तक्ते येतात आणि पाऊस पुरता ओसरण्याआधी आकाशकंदिलांची तयारी सुरू होते. मे महिन्यात दगडासारखा घट्ट बसलेला सांधा जुलैत दुसऱ्याच दिवशी सुटू लागतो, आणि मग पालक आणखी ‘स्ट्राँग’ गम शोधत दुकानात जातात. शाळकरी मुलांबरोबर कागदकाम करताना बाजारात सहज मिळणारे बहुतेक गम मी वापरले आहेत आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, कागदाच्या कामात गमाचे बळ क्वचितच कमी पडते. अडचण होते ती गमातून कागदात शिरणाऱ्या पाण्याची आणि ते पाणी दमट हवेत लवकर बाहेर न पडण्याची. म्हणून गम निवडताना तो किती चिकटतो यापेक्षा तो कागद किती भिजवतो, हे आधी पाहावे.

पहिला विचार अर्थातच पांढऱ्या गमाचा. पिडिलाइट कंपनीने १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आणला तो सुतारांसाठी. आज मात्र हे नाव मराठी घरांत पांढऱ्या गमाचे सामान्यनाम होऊन बसले आहे. मुलांच्या कामासाठी घ्यायचा तो एमआर प्रकार, कारण सुतारकामाचा एसएच दाट असतो आणि कागदावर त्याचे जाड थर राहतात. पांढऱ्या गमात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी कागदात मुरले आणि हवेत उडाले की ते कण एकमेकांत मिसळून त्यांचा पारदर्शक, लवचीक पापुद्रा तयार होतो. ही क्रिया पूर्ण होईपर्यंत सांधा कच्चाच असतो. कोरड्या दिवसांत मिनिटा-दोन मिनिटांत कागद जागेवर थांबतो आणि रात्रभरात पक्का होतो. संततधार लागली असेल तेव्हा तेवढ्याच कामाला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते.

घोटीव कागदावर हा गम कसा वागतो, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. मूल बाटली उलटी धरते, दोन्ही हातांनी दाबते आणि नळीतून गमाची जाड वळी कागदाच्या पांढऱ्या बाजूवर पडते. ती बाजू पाणी शोषून फुगते, वरची घोटलेली रंगीत बाजू मात्र तशी फुगत नाही, त्यामुळे कागद रंगाच्या बाजूने गुंडाळू लागतो. मूल तो सरळ करायला बोटाने दाबते, कडेने गम बाहेर येतो, ओल्या बोटाला लाल रंग लागतो आणि तोच रंग शेजारच्या पांढऱ्या कार्डशीटवर उमटतो. यात गमाचा दोष काहीच नाही. बाटली मुलाच्या हाती न देता टोपणात किंवा वाटीत थोडा गम काढून द्यावा आणि तो कडक केसांच्या जुन्या कुंचल्याने किंवा पुठ्ठ्याच्या पट्टीने खालचा कागद दिसेल इतका पातळ पसरायला सांगावा. पुष्कळ ठिकाणी गम पुरवठ्यास यावा म्हणून त्यात पाणी घालतात. एप्रिल-मेमध्ये ते एक वेळ चालेल, पावसाळ्यात मात्र ही काटकसर सगळे काम बिघडवते. चिकटवलेला कागद प्लॅस्टिकच्या दोन तावांत ठेवून वर जाड पुस्तके रचली, तर सुरकुत्या जवळजवळ पडतच नाहीत. कार्डशीट, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, कापडाचे तुकडे आणि लोकर यांच्यासाठी मला पांढऱ्या गमाला पर्याय दिसत नाही.

चौथीच्या आतील मुलांच्या हाती मात्र मी गमस्टिक देते. लिपस्टिकसारख्या फिरत्या नळीत घट्ट गम भरण्याची कल्पना जर्मनीतील हेंकेल कंपनीने १९६९ साली ‘प्रिट’ या नावाने बाजारात आणली. आपल्याकडे फेव्हिस्टिक आणि कोरेस यांच्या कांड्या बहुतेक स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. कांडीत पाणी कमी असल्याने पतंगी कागदासारखा पातळ कागदही चुरगळत नाही, हात बरबटत नाहीत आणि चित्र चुकीच्या जागी बसले तर लगेच उचलून पुन्हा लावता येते. लावताना जांभळी दिसणारी आणि वाळल्यावर रंग जाणारी कांडी मिळाल्यास ती अवश्य घ्यावी, कारण गम कुठे लागला आणि कुठे राहिला हे मुलाला स्वतःच कळते. कांडीने कागद न टिकण्याचे बहुतेक वेळा कारण हेच असते की, मूल मधोमध गोल फिरवते आणि कडा कोरड्याच ठेवते. कडांवरून आधी आणि मधे नंतर, मग चमच्याच्या पाठीने घासून दाबणे, एवढी शिस्त लावली तर वहीतले चिकटकाम वर्षभर टिकते.

तरीही कांडीकडून भलती अपेक्षा ठेवू नये. ताण पडेल तिथे, म्हणजे उघडझाप होणारे शुभेच्छापत्र, वळवलेली पट्टी किंवा टांगायची साखळी, तिथे ती दमट हवेत हात टेकते. पावसाळ्यात बाल्कनीत लावलेल्या साखळीच्या कड्या एकामागून एक उघडतात, पांढऱ्या गमाच्या मात्र टिकतात. अगदी स्वस्त, नाव न ऐकलेल्या कांड्यांपासूनही दूर राहावे. तशा एका कांडीचा गम कागदावर पसरण्याऐवजी गोळ्या होऊन सुटत होता आणि टोपण सैल असल्याने उरलेला भाग वाळून गेला. दुकानातच टोपण लावताना ‘टक्’ आवाज येतो का, ते पाहून घ्यावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कांडी ठेवली तर ती मऊ पडून नळीतच बसते, हेही ध्यानात असू द्यावे.

बाटलीतला पारदर्शक पातळ डिंक पाकिटे बंद करण्यापुरता ठीक. त्यात पाण्याचे प्रमाण इतके असते की घोटीव कागदाला लाटा येतात, आणि आमच्याकडील जून ते सप्टेंबरच्या हवेत त्या लाटा पुढे सपाट होत नाहीत. मी तो मुलांसाठी विकत घेत नाही.

पाणी जिथे उपयोगाला येते, असे एकच काम आहे आणि त्यासाठी विकतचा गम लागतच नाही. आकाशकंदिलाच्या कामट्यांवर पतंगी कागद चढवताना मैद्याची खळ लावली, तर भिजून सैल झालेला कागद वाळताना आकसतो आणि पृष्ठभाग ताणून बसतो. नरकासुराच्या सांगाड्यावर किंवा मुखवट्याच्या साच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे थर द्यायचे असतील, तरीही खळच बरी: ओला कागद हवा तसा वळतो आणि एवढ्या मोठ्या कामाला पांढरा गम परवडणारा नाही. दोन मोठे चमचे मैदा थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा, मग पेलाभर उकळते पाणी घालत मंद आचेवर सतत ढवळावे. पांढरट रंग जाऊन मिश्रण काचेसारखे झाले की उतरवावे. ते आमच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. झुरळे आणि कसर यांना खळ फार आवडते, त्यामुळे जपून ठेवायच्या कामाला ती वापरू नये. जुन्या पद्धतीप्रमाणे खळीत मोरचूद घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुलांच्या बाबतीत अजिबात मानू नये, कारण मोरचूद विषारी आहे. आणि घरात काहीच नसेल तेव्हा भाताची शिते आहेतच. तिथेही उकड्या तांदळाची शिते मोकळी असल्याने नीट चिकटत नाहीत. सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा मऊ भात बोटाने चेचून लावला, तर पाकीट छान बंद होते.

जे मुलांना देऊच नये, त्याविषयी थोडक्यात. फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गम सायनोअ‍ॅक्रिलेटचा असतो आणि तो हवेतील ओलाव्यानेच घट्ट होतो. म्हणजे इतर सगळे गम ज्या हवेत मंदावतात, त्या हवेत हा अधिक वेगाने बोटे चिकटवतो. कापसावर किंवा सुती कापडावर तो सांडला तर चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बोटे चिकटलीच तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवावीत. डोळ्याला लागल्यास थेट डॉक्टर गाठावा. चपला आणि रेक्झिनसाठी मिळणारा पिवळसर, उग्र वासाचा रबरी गम कागद सपाट बसवतो खरा, पण त्यातील द्रावकाची वाफ बंद खोलीत मुलांनी हुंगणे धोक्याचे आहे. गरम गमाची बंदूक मोठ्यांनीच धरावी, कारण तिच्या टोकाशी तापमान शंभर अंशांच्या बरेच वर जाते.

विकत घेताना मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेण्याचा मोह टाळावा. नळीचे तोंड एकदा वाळून बंद झाले की मूल ते दातांनी उघडते, आणि वेष्टनावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असले तरी तो पदार्थ खाण्यासाठी नसतो. पांढऱ्या गमाची एक लहान बाटली आणि दर मुलामागे एक गमस्टिक, एवढ्यावर चवथीपासून दिवाळीपर्यंतचे घरचे काम निभावते. गणवेशावर पांढरा गम सांडला तर तो ओला असतानाच साध्या पाण्याने धुवावा. वाळून पापुद्रा झाला असेल तर कपडा कोमट पाण्यात भिजत ठेवावा, म्हणजे पापुद्रा मऊ होऊन नखाने निघतो. त्याआधी कपड्यावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने गम वितळून धाग्यांत आणखी खोल बसतो.