ग्राफ डेटाबेसचा दोन दिवसांचा वर्ग: शनिवारी झोपा, रविवारी जा

कर्वे रस्त्याजवळच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. फी साडेचार हजार. मी हिंजवडीत डेटाचं काम करते. कुठला सुटा भाग कशात बसतो याचा ग्राफ, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांचं जाळं, आमच्याकडे डेटाबेसमध्ये आहे. त्याला विचारलेला माझा एक प्रश्न, म्हणजे क्वेरी, सकाळच्या चहाआधी सोडलेली, डबा खाऊन आले तरी फिरतच होती. म्हणून नाव नोंदवलं.

शनिवार फुकट गेला. ‘जॉइन (तक्ते एकमेकांना जोडणं) नाहीत म्हणून वेग’ हे चार वेळा ऐकलं. मग क्वेरी का अडकते, असं विचारलं तर उत्तर आलं, “रॅम वाढवा.”

रविवारी दुसरे सर आले, खडू घेऊन. फळ्यावर डेक्कनच्या आसपासचे चौक काढले, फर्ग्युसन आणि जंगली महाराज या एकेरी रस्त्यांना बाण. प्रश्न असा: इथून तिथे सम टप्प्यांत (एका चौकातून पुढच्या चौकात म्हणजे एक टप्पा) पोचता येतं का? त्यांनी प्रत्येक चौक दोनदा काढला, एक सम, एक विषम. प्रत्येक बाण एकातून दुसऱ्यात. ग्राफ दुप्पट झाला, बाकी शोध नेहमीचाच. मग एकच अट घातली: कुठलाही चौक पुन्हा लागता कामा नये. झालं! आता चौकात सम टप्प्यांनी आलो एवढं पुरेना, वाटेत कुठले चौक खर्ची पडले तेही लक्षात ठेवणं आलं. लापॉ आणि पापादिमित्रिऊ यांनी १९८४ मध्येच दाखवलंय की हे एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे मोठ्या ग्राफवर हमखास झटपट सोडवायची रीत कुणालाच माहीत नाही. गंमत म्हणजे सगळे रस्ते दुहेरी असते तर हाच प्रश्न पुन्हा सोपा होतो. एकेरी रस्त्यांना आपण घातलेल्या शिव्या अगदीच वाया नाहीत.

माझं दुखणं तिथेच सापडलं. आमचा डेटाबेस एका वाटेत तीच कड दोनदा घेत नाही, आणि मी मागितल्या होत्या सगळ्या वाटा. दर ठिकाणी दहा फाटे धरले तर आठ टप्प्यांत दहा कोटी! मला हवं होतं फक्त ‘पोचतो की नाही’. सोमवारी सगळ्यात छोटी एकच वाट मागितली; पाण्याची बाटली भरून येईस्तोवर उत्तर हजर. ग्राफ डेटाबेसच्या क्वेरी-भाषेच्या, जीक्यूएलच्या, २०२४ च्या मानकात वॉक (काहीही पुन्हा चालेल), ट्रेल (कड पुन्हा नको) की सिंपल (ठिकाण पुन्हा नको) हे क्वेरीतच लिहिता येतं, तेही सरांनी करून दाखवलं.

चहा पाणचट. गाडी लावायला जागा नाही. फक्त रविवारची फी घेता का, असं मैत्रिणीसाठी विचारलं, नाही म्हणाले.