शेवगा: दारातला पाला की डब्यातली पावडर?

शेवग्याच्या पाल्याची पावडर विकत घ्यावी का, हा प्रश्न हल्ली जळगावकडचे नातेवाईक मला सारखा विचारतात. ज्यांच्या दारात शेवगा उभा आहे तेही विचारतात, याचं मला वाईट वाटतं.

डब्यावर लिहिलेलं असतं, ‘दुधाच्या सतरापट कॅल्शियम’. आकडा खोटा नाही. १०० ग्रॅम पावडरीत साधारण २००० मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधात १२०. पण पाल्यातलं पाणी उडून गेल्यावर उरतं ते दाट असणारच, आणि आपण खातो चमचाभर. ५ ग्रॅममध्ये आलं १०० मिलिग्रॅम. ताज्या पाल्यात १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे असतं. एका माणसाच्या भाजीत ५० ग्रॅम पाला सहज जातो. म्हणजे वाटीभर भाजी चमचाभर पावडरीला भारी पडते. क जीवनसत्त्व तर वाळवताना बरंचसं जातं.

आणि चव! कोवळा पाला काडीवरून ओरबाडून घ्यायचा. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, तासभर भिजवलेली मुगाची डाळ, मग पाला, शेवटी दाण्याचा कूट. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर ही भाजी असली की मला दुसरं काही लागत नाही. किंचित कडसर लागते, मुलं कुरकुरतात. त्यांच्यासाठी थालीपिठात घाला. बाळंतिणीला ही भाजी आवर्जून देतात. फुलांचीही भाजी होते. शेंगा आमटीत घालायच्या त्या चवीसाठी. त्यांत प्रथिनं पाल्याच्या निम्म्याहून कमी.

मग पावडर कोणासाठी? पुण्या-नाशिकला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लेकीसाठी, किंवा थंडीत झाडाची पानं गळतात त्या दिवसांसाठी. पण ती घरची असू द्या. शेंगा उतरल्यावर छाटणी करतो, तेव्हाचा पाला धुऊन सावलीत सुती कापडावर पसरायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात दोन-तीन दिवसांत तो चुरचुरीत होतो; उन्हात टाकला तर रंग उडतो. पावसाळ्यात पाला भरपूर, पण दमट हवेत बुरशी धरतो, तेव्हा तो ताजाच खा. किलोभर पावडरीला चार-पाच किलो पाला लागतो.

साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पावडर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मुळाच्या सालीचा लेप सुजेवर लावायची जुनी रीत आहे, पण मूळ आणि साल पोटात घेऊ नका. गरोदर बाईने तर अजिबात नाही.

झाड नसेल तर पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी लावा. मोरीचं पाणी साचतं तिथे नको, मूळ कुजतं. घराच्या पत्र्यांपासूनही लांब लावा. लाकूड ठिसूळ असतं, वादळात फांद्या मोडतात.