वनस्पतींच्या अर्काची स्तनकर्करोगाच्या पेशींवर चाचणी : नागपुरातील एका खासगी प्रयोगशाळेची सेवा

नागपुरी संत्र्याच्या सालीत नोबिलेटिन आणि टँजेरेटिन ही फ्लेव्होनॉइड वर्गातील संयुगे असतात. या सालीचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क स्तनकर्करोगाच्या पेशींवर तपासून घेण्यासाठी आमच्या औषधनिर्माणशास्त्राच्या विभागाने शहरातील एका खासगी प्रयोगशाळेची सेवा घेतली. पेशीसंवर्धनाची सोय नसलेल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशा सेवेवाचून गत्यंतर नसते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

नमुना स्वीकारण्याची पद्धत चांगली आहे. उन्हाळ्यात अर्क बर्फाच्या पेटीतूनच आणावा, ही सूचना त्यांनी आधीच दिली होती आणि नागपूरच्या मे महिन्यात ती आवश्यकच आहे. चाचणी एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या दोन पेशीमालांवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशांवर, झाली. पहिलीत इस्ट्रोजेनचे ग्राही (या संप्रेरकाला पकडणारी प्रथिने) असतात, तर दुसरी 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारातील, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-२ हे तिन्ही ग्राही नसलेली आहे. त्यामुळे दोन्हींवरील परिणाम शेजारी ठेवून पाहता येतो आणि एकाच पेशीमालेवर काम भागवणाऱ्यांपेक्षा ही प्रयोगशाळा उजवी ठरते. पेशींची ओळख डीएनए-चाचणीने पडताळल्याचा आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूचा संसर्ग नसल्याचा दाखलाही अहवालासोबत मिळाला. अनेक वर्षे स्तनकर्करोगाची म्हणून वापरली गेलेली एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमाला प्रत्यक्षात मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची, असल्याचे पुढे दिसून आले, हे लक्षात घेता या दाखल्याला मी फार महत्त्व देतो.

माझा मुख्य आक्षेप एमटीटी चाचणीच्या, म्हणजे एमटीटी या रंगद्रव्याने जिवंत पेशी मोजण्याच्या चाचणीच्या, मांडणीवर आहे. १९८३ साली मॉसमन यांनी मांडलेल्या या पद्धतीत जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळ्या फॉर्माझनमध्ये रूपांतर करतात आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजलेल्या रंगाच्या गडदपणावरून जगलेल्या पेशींचा अंदाज बांधला जातो. अडचण अशी, की वनस्पतींमधील पॉलिफिनॉल गटातील अनेक संयुगे पेशी नसतानाही एमटीटीचे क्षपण करू शकतात, म्हणजे तोच रंगबदल घडवू शकतात. मग पेशी मेलेल्या असल्या तरी रंग उमटतो आणि अर्क प्रत्यक्षाहून निष्प्रभ भासतो. हे टाळण्यासाठी पेशीविरहित कुप्यांत केवळ अर्क व एमटीटी ठेवून पाहावे लागते. त्यांच्या नेहमीच्या मांडणीत हे नियंत्रण नव्हते. आम्ही मागणी केल्यावर मात्र त्यांनी जादा शुल्क न घेता ते केले आणि प्रत्येक कुपीची मूळ वाचनेही दिली. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाचे तुलनात्मक नियंत्रण आणि केवळ डीएमएसओ हा द्रावक घातलेल्या कुप्या आधीपासूनच होत्या.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मूळ दरात कर्करोग नसलेल्या पेशींवरील चाचणी येत नाही, तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात. जो अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो तोच निरोगी पेशीही तितक्याच मारत असेल, तर तो केवळ विषारी आहे, एवढेच सिद्ध होते. एमसीएफ-१०ए सारख्या कर्करोग नसलेल्या स्तनपेशींशी तुलना केल्याशिवाय निवडक परिणामाविषयी काहीही म्हणता येत नाही. तरीही अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'कर्करोगविरोधी गुणधर्म' असे छापलेले असते. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात विदर्भभरातून रुग्ण येतात, त्यांच्यापैकी कोणाच्या नातेवाइकांच्या हाती असे पान पडले तर उपचार सोडून सालीचा काढा सुरू होण्याची भीती मला खरोखर वाटते. सदाफुलीतील व्हिनब्लास्टिन आणि यू वृक्षातील पॅक्लिटॅक्सेल ही औषधे झाली, ती शुद्ध संयुगे वेगळी करून, प्राण्यांवरील व नंतर माणसांवरील दीर्घ चाचण्यांनंतर. पेशींच्या ताटलीतील आकडा ही त्या वाटेची केवळ सुरुवात असते.

शीर्षक बदलून 'पेशींवरील विषारी परिणाम' असे करण्याची विनंती आम्ही लेखी केली आणि सुधारित प्रत आठवड्याभरात मिळाली. वाचनांची अचूकता आणि कर्मचाऱ्यांची तत्परता पाहता मी या सेवेची शिफारस करीन, मात्र पेशीविरहित नियंत्रण आणि निरोगी पेशींवरील चाचणी या दोन्ही गोष्टी मागणीपत्रातच लिहून घ्याव्यात.