हायब्रीडची छोटी बॅटरी: गुहागरात चौदा महिने वापरल्यानंतर

मायलेजचं आधी उरकतो. गुहागर-चिपळूण रस्त्यावर लिटरला तेवीसच्या आसपास मिळतं. गाडी त्यासाठीच घेतली आणि त्या बाबतीत तक्रार नाही. लिहायला बसलोय ते १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी.

जुलैच्या शेवटी आईला डोळे तपासायला चिपळूणला न्यायचं होतं. गाडी वीस दिवस पडवीलगतच्या शेडमध्ये उभी होती. पाऊस असा, की बाजारहाटही छत्री घेऊन पायीच. सकाळी निघताना दरवाजाच उघडेना. रिमोटच्या पोटातली किल्ली काढून उघडला, तर आत काळोख. ऐंशीची आई तयार होऊन पायरीवर बसलेली. शेवटी शेजारच्या रिक्षातून, झडीचा मारा खात चाळीसेक किलोमीटर गेली. ते मला अजून सलतं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच: "तुम्ही गाडी चालवत नाही, वॉरंटीत बसणार नाही." मी कडाकडा भांडलो. गाडी ओढणारी मोठी बॅटरी भरलेली असताना गाडी मरते कशी? नंतर कळलं ते असं. या गाडीत नेहमीचा स्टार्टर नाही, इंजिन मोठ्या बॅटरीवरची मोटरच फिरवते. पण गाडी बंद असताना मोठी बॅटरी रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, तोडलेली असते. ते रिले जोडायला आणि कॉम्प्युटर जागे करायला वीज लागते ती छोट्या बॅटरीची. कणगी भातानं भरलेली, पण दाराला कुलूप. गाडी विकताना हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

नवीन बॅटरीला साडेबारा हजार सांगितले. एवढे पैसे टाकण्याआधी गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं, आणि इथे माझं मत बदललं. त्याने गाडी लॉक करून अर्धा तास थांबून मीटर लावला. बंद गाडी छोट्या बॅटरीतून ३० मिलिअँपिअर खात होती, म्हणजे ठीकच. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आतच. मग त्याची नजर पडवीच्या खुंटीवर गेली. चावी तिथे, गाडीपासून जेमतेम दीड मीटरवर. चावी जवळ असली की गाडी तिची चाहूल घेत राहते, नीट झोपत नाही. चावी खुंटीला असताना मीटरचा आकडा पुन:पुन्हा चढत होता. शिवाय माझ्या फेऱ्या तीन किलोमीटरच्या, त्यात बॅटरी कधी पूर्ण भरलीच नव्हती. म्हणजे सर्व्हिसवाल्याचं निम्मं बरोबर होतं. त्याला मी जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो.

चावी आता माजघरातल्या कपाटात असते. चारशेचा मल्टीमीटर घेतला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दिसलं तर निश्चिंत, १२.३ च्या खाली गेलं की चार्ज. त्यासाठी गाडी 'रेडी'त, म्हणजे निघायला तयार अशी चालू हवी. नुसतं अ‍ॅक्सेसरी मोडवर ठेवून गाणी लावली तर उलट बॅटरी उतरते. 'रेडी'त मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर छोटीला साधारण १४ व्होल्टनी भरतो. मात्र गाडी शेडबाहेर काढूनच, कारण इंजिन मधेच आपणहून सुरू होतं आणि बंद जागेत तो धूर जीवघेणा. दहा मिनिटांनी काही होत नाही, मी तासभर ठेवतो.

पेट्रोल असं जाळणं जिवावर येतं, म्हणून ऑक्टोबरात अडीच हजारांचा चार्जर घेतला. बॅटरीच्या जातीप्रमाणे मोड निवडता येतो आणि भरली की आपणच थांबतो. बॅटरी अजून जुनीच आहे, साडेबारा हजार वाचले. पण पुरती उतरलेली शिसाची बॅटरी तशीच पडून राहिली की तिची ताकद कायमची घटते. माझी एकदा तशी पडली होती, त्यामुळे किती टिकेल ते बघायचं.

खारं वारं हा वेगळाच जाच. चौथ्या महिन्यातच टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आला होता. साफ करून व्हॅसलीन लावलं, आता दर दोन महिन्यांनी बघतो.

कंपनीवरचा एक राग मात्र कायम आहे. काही इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून छोटी आपणच भरून घेतात. माझ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या आहेत, कन्व्हर्टर आहे, फक्त ही सोय दिलेली नाही. पावसात इथे वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा चार्जरही निकामी. परवाच्या वादळात तसंच झालं. १२.२ वर आली होती. भर पावसात गाडी अंगणात काढून तासभर 'रेडी'त ठेवली, आई खिडकीतून बघत होती. काल सकाळी १२.५ होते.