नवी पुरवठादार योजना: एकाच तारखेला, विभागवार की मालाच्या वर्गानुसार?

ज्या कंपनीचे कार्यालय लोअर परळला, गोदाम भिवंडीला आणि कारखाना अंबरनाथला आहे, तिच्या पुरवठादारांच्या यादीत लोहार चाळीतला विजेच्या सामानाचा व्यापारी, साकीनाक्याच्या गाळ्यात सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक, मालवाहतूकदार, सुरक्षारक्षक पुरवणारी संस्था आणि एखादी मोठी सॉफ्टवेअर कंपनी अशी सगळीच मंडळी असतात. या सर्वांची नोंदणी, दरकरार, बिले आणि देयके एका नियमावलीखाली आणायचे ठरले, की ती योजना सुरू कशी करायची हा प्रश्न व्यवस्थापनापुढे येतो. मार्ग तीन आहेत: ठरलेल्या तारखेपासून सर्वांना एकदम आणणे, एकेक विभाग करत आणणे, किंवा मालाच्या वर्गानुसार पुरवठादारांचे गट पाडून आणणे. माझे मत तिसऱ्या मार्गाच्या बाजूचे आहे; मात्र पहिला मार्ग सरसकट टाकाऊ नाही, आणि दुसरा मार्ग दिसतो तितका सोपा नाही.

एकदम सुरुवात करण्याचा मोठा फायदा असा, की जुनी वाट त्याच दिवशी बंद होते. दोन पद्धती शेजारी शेजारी चालू राहिल्या, तर ओळखीच्या पुरवठादाराला ‘या वेळेपुरती’ जुन्या पद्धतीने सूट देण्याचा मोह खरेदी विभागाला होतोच, आणि अशा सवलतींनी योजना पोखरली जाते. पुरवठादार मोजके असतील आणि त्यांतले बहुतेक स्वतःचा लेखापाल बाळगणारे असतील, तर हाच मार्ग घ्यावा. यादी शेकड्यांत गेली, की मात्र नोंदणी अर्धवट राहिलेल्यांची बिले पहिल्याच महिन्यात अडकतात, आणि येथे केवळ नाराजीचा नव्हे, कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; मुदतीचा करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात घातलेल्या आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून लागू झालेल्या तरतुदीमुळे, मुदत उलटून पैसे पुढच्या आर्थिक वर्षात गेले, तर तो खर्च आधीच्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. पुरवठादाराने आपला नवा अर्ज पूर्ण भरला नाही, म्हणून ही मुदत थांबत नाही. अर्जाचा दंडक आपण घातलेला आहे आणि माल तर आपल्या गोदामात उतरलेला आहे. म्हणून कोणताही मार्ग निवडला, तरी ‘नोंदणी नाही तर नवी ऑर्डर नाही’ असा नियम करावा. ‘नोंदणी नाही तर जुन्या बिलाचे पैसे नाहीत’ असा नियम कधीही करू नये.

विभागवार सुरुवात व्यवस्थापनाला आवडते, कारण एका विभागप्रमुखावर जबाबदारी टाकता येते आणि प्रशिक्षणही थोड्याच लोकांना द्यावे लागते. अडचण अशी, की पुरवठादार आपल्या विभागांप्रमाणे विभागलेला नसतो. वसईचा पुठ्ठ्याची खोकी बनवणारा उद्योजक भिवंडीच्या गोदामालाही माल देतो आणि अंबरनाथच्या कारखान्यालाही. गोदाम नव्या पद्धतीत गेले आणि कारखाना जुन्यात राहिला, तर त्याचे एक बिल नव्या पद्धतीच्या संकेतस्थळावर, म्हणजे पोर्टलवर जाते आणि दुसरे कागदावर, आवक शिक्का मारून. खातेउतारा जुळवताना दोन्हीकडचे लोक हैराण होतात. त्यातच त्याला दोन वेगळे कोड दिले गेले, तर वर्षाची एकूण रक्कम कोणालाच एकत्र दिसत नाही, आणि पुरवठादार कंत्राटी काम करणारा असेल, तर टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या प्राप्तिकराची, वर्षाला एक लाख रुपयांची मर्यादा ओलांडल्याचे उशिरा कळते.

मालाच्या वर्गानुसार गट पाडले, की ही फाळणी बऱ्याच अंशी टळते, कारण पॅकिंग साहित्य पुरवणारे सगळे, मग ते कोणत्याही विभागाला देत असोत, एकाच दिवशी नव्या पद्धतीत येतात. शिवाय त्या वर्गाचे दर, दर्जाच्या अटी आणि पैशांची मुदत एकाच वेळी ठरवता येते. पहिला गट नेहमीच्या, ठरावीक खरेदीचा असावा, म्हणजे पॅकिंग साहित्य, छपाई, वाहतूक. कच्चा माल त्यानंतर. पंप, लिफ्ट, विजेची तातडीची दुरुस्ती करणारे सर्वांत शेवटी घ्यावेत, कारण जुलैत तळघरात पाणी शिरल्यावर पंप दुरुस्त करणाऱ्याला आधी अर्ज भरा असे कोणी सांगू शकत नाही. या मार्गाचा दोष एवढाच, की खरेदी विभागाला काही महिने दोन याद्या सांभाळाव्या लागतात. त्यामुळे जुनी पद्धत कोणत्या तारखेला बंद होणार, हे पहिल्याच परिपत्रकात छापावे.

तिन्ही मार्गांत एक काम आधी करावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी तेच मागे पडते: जुनी यादी स्वच्छ करणे. एकच पुरवठादार नावाच्या स्पेलिंगमधील फरकाने दोन-तीनदा नोंदलेला असतो. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षर-अंकांपैकी तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे दहा म्हणजे त्याचा पॅन असतो. त्यावर यादी लावली की दुबार नोंदी उघड होतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे जे उद्यम प्रमाणपत्र असते, त्यावर उत्पादन, सेवा की व्यापार यांपैकी काय लिहिले आहे, तेही नोंदवावे. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती, म्हणून वर सांगितलेले उशिराच्या देयकाचे संरक्षण लोहार चाळीतल्या व्यापाऱ्याला मिळत नाही, साकीनाक्याच्या उत्पादकाला मिळते. कायद्याने फरक केला, तरी छोट्या व्यापाऱ्याचे पैसे अडवून ठेवण्याचे ते कारण होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

अर्ज कोणी भरायचा, यातही निवड आहे. पुरवठादाराने पोर्टलवर स्वतः भरला, तर माहितीची जबाबदारी त्याची राहते आणि आपले मनुष्यबळ वाचते. मोठ्या कंपन्यांसाठी हे योग्य आहे. गाळ्यात चार कामगारांसह स्वतः मशीनवर उभ्या असलेल्या मालकाचा हिशेबनीस मात्र आठवड्यातून एकदा येतो. अशांचा अर्ज आपल्या कर्मचाऱ्याने फोनवर माहिती घेऊन भरावा आणि मालकाकडून तपासून सहीशिक्का घ्यावा. बँक खात्याच्या बाबतीत दोघांनाही एकच नियम हवा: रद्द केलेला चेक घ्यावा, एक रुपया जमा करून खातेदाराचे नाव पडताळावे, आणि पुढे खाते बदलण्याची ईमेल आली, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय बदल करू नये.

तारखेबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे. जानेवारी ते मार्च या काळात सुरुवात करू नये, कारण तेव्हा अडकलेले प्रत्येक बिल ३१ मार्चच्या हिशेबावर येते. गणपतीत कोकणातले मालक आणि कामगार गावी जातात, दिवाळीत बाजार बंद असतो. पहिला गट एप्रिलच्या मध्यावर घेतला, तर पावसाळ्याआधी पहिली काही बिले नव्या पद्धतीने चुकती झालेली दिसतात, आणि दुसरा गट घ्यावा की थांबावे, हे त्या बिलांना प्रत्यक्ष किती दिवस लागले ते पाहून ठरवता येते.