नाताळच्या दुपारी टीव्हीवर काय लावायचं: एनएफएल की एनबीए?

न्यू जर्सीत २५ डिसेंबरला करण्यासारखं फारसं काही नसतं. मॉल बंद, लायब्ररी बंद, बाहेर थंडी. त्यामुळे चार मराठी घरं मिळून जेवण ठरतं. कुणी मसालेभात आणतं, कुणी फ्रीजरमधल्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करतं, आणि पंधरा-वीस माणसांत टीव्ही एकच. भाच्याने परवा फोन केला, "मामा, यंदा सगळे माझ्याकडे येतायत. फुटबॉल लावू की बास्केटबॉल?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू धरून पळायचा. त्याची लीग एनएफएल, बास्केटबॉलची एनबीए. आपलं फुटबॉल इथे सॉकर.)

आधी मालकी हक्काचा प्रश्न, कारण त्यावरून जेवणाच्या टेबलावर हमखास वाद होतो. नाताळ मुळात एनबीएचा. १९४७ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिथलाच संघ निक्स खेळला तेव्हापासून हा पायंडा आहे. मधे खाडा पडला तो फक्त १९९८ ला, मालक आणि खेळाडूंच्या भांडणात सीझनच लांबला होता म्हणून. फुटबॉलचा सण नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंग: डेट्रॉइटची मॅच १९३४ पासून, डॅलसची १९६६ पासून. नाताळाच्या वाट्याला फुटबॉल एकदा गेलं होतं, १९७१ मध्ये. कॅन्सस सिटीत मायामीविरुद्धच्या प्लेऑफच्या मॅचची बरोबरी सुटेना. दोनदा जादा वेळ दिला, ८२ मिनिटं ४० सेकंद खेळ चालला आणि घरोघरचं नाताळचं जेवण निवून गेलं. लोक इतके वैतागले की १९८९ पर्यंत लीगने त्या तारखेला मॅच ठेवली नाही. पुढेही कधीमधीच. आता मात्र २०२० पासून एकही नाताळ कोरडा गेलेला नाही. २०२४ मध्ये तर नाताळ बुधवारी आला, म्हणजे फुटबॉलच्या गणितात न बसणारा वार, तरी दोन मॅच ठेवल्या आणि नेटफ्लिक्सला विकल्या.

ते २०२४ चं वर्ष तुलनेला सगळ्यात सोयीचं आहे, कारण दोन्ही खेळ एकाच दुपारी समोरासमोर होते आणि मी दोन्ही बघत होतो.

फुटबॉलच्या दोन्ही मॅच एकतर्फी झाल्या. कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी स्टीलर्सना २९-१० ने हरवलं, रेव्हन्सनी ह्यूस्टनच्या टेक्सन्सना ३१-२ ने. त्याचं कारण उघड होतं. चारही संघ आदल्या शनिवारी खेळले होते. एरवी ज्या शरीरांना सावरायला आठवडा लागतो त्यांना मधे तीन दिवस मिळाले. उलट एनबीएच्या पाच मॅचपैकी एकही दहापेक्षा जास्त गुणांनी सुटली नाही. दुपारी निक्स-स्पर्सची मॅच ११७-११४ ला संपली, त्यात स्पर्सच्या वेम्बान्यामाने ४२ गुण काढले. रात्री लेकर्स-वॉरियर्समध्ये वॉरियर्सच्या स्टेफ करीने शेवटच्या काही सेकंदांत लांबून मारून ११३-११३ अशी बरोबरी केली, आणि एक सेकंद उरलेला असताना लेकर्सच्या ऑस्टिन रीव्ह्जने चेंडू आत टाकून मॅच जिंकली.

आता प्रेक्षक बघा. फुटबॉलच्या त्या दोन कंटाळवाण्या मॅचना अमेरिकेत सरासरी प्रत्येकी सुमारे २ कोटी ४० लाख. बास्केटबॉलच्या पाच मॅचना सरासरी ५२ लाखांच्या आसपास, आणि तेसुद्धा आदल्या वर्षीपेक्षा खूपच बरे. लेकर्सच्या मॅचला ७७ लाख. जिंकल्यावर लेकर्सचा लेब्रॉन जेम्स मैदानातच म्हणाला की एनएफएल आपल्याला आवडतं, पण नाताळ आमचा आहे. मनाने खरं होतं, आकड्याने नव्हतं.

खेळ चांगला तिकडे प्रेक्षक कमी, हे कसं? मोठं कारण माझ्या मते टंचाई. फुटबॉलमध्ये एका संघाच्या सीझनला १७ मॅच, बास्केटबॉलमध्ये ८२. डिसेंबरच्या शेवटी फुटबॉलची एक मॅच हरली की वर्ष वाया जाऊ शकतं. बास्केटबॉलमध्ये अजून पन्नास मॅच पुढे असतात. म्हणून इथला माणूस बास्केटबॉलचे तुकडे फोनवर बघतो आणि फुटबॉलसमोर बसतो. भाच्याला म्हटलं, हे आकडे जाहिरातवाल्यांच्या कामाचे. तुझ्या हॉलमध्ये कोण बसणार आहे ते सांग.

कारण खरा फरक बसण्यात आहे. फुटबॉल हा थांबून थांबून चालणारा खेळ. पाच-सात सेकंद धडकाधडकी, मग पुढची चाल सुरू करायला चाळीस सेकंदांपर्यंत मोकळीक. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो मोजून अकरा-बारा मिनिटं. ऐकायला हे वाईट वाटतं, पण क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला ही लय घरची आहे. दोन चेंडूंच्या मधे आपण काय करतो? कर्णधाराला शिव्या देतो, चहा मागतो, शेजारच्याला फील्डिंग समजावतो. तेच इथे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढं कळलं की पहिल्यांदा बघणाऱ्या काकूसुद्धा अर्ध्या तासात "आता पळायला नको होतं" म्हणायला लागतात. बास्केटबॉल कबड्डीच्या जातीचा. चढाईला तीस सेकंद, इथे बास्केटकडे चेंडू मारायला चोवीस. नजर हटली की चार गुण इकडचे तिकडे. गप्पा मारत बघितला तर नुसती धावपळ दिसते.

त्या नाताळला मित्राच्या घरी हे डोळ्यांसमोर घडलं. साडेचारपासून ह्यूस्टनची मॅच चालू होती. कोपऱ्यात पत्ते, स्वयंपाकघरात भजी, आणि टीव्हीवरची मॅच सगळ्यांची थोडी थोडी. मध्यंतराला गायिका बियॉन्से आली, तिच्या स्वतःच्या गावात, तेव्हा पत्ते उलटे ठेवून सगळे उठून आले. तळणारीने गॅस बंद केला. तेरा-चौदा मिनिटं हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ती गेल्यावर गर्दी पांगली आणि टेक्सन्सचे दोन गुण शेवटपर्यंत दोनच राहिले, पण कुणाची तक्रार नव्हती. रात्री आठला लेकर्सची मॅच लागली तेव्हा मुलं पेंगत होती, पाहुणे डबे शोधत होते. आम्ही तिघंच उरलो होतो. करीचा चेंडू आत गेला तेव्हा तिघांनी मिळून जेवढा आवाज केला तेवढा दुपारी वीस जणांनी केला नव्हता.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: घर भरलेलं असेल तोवर फुटबॉल, पाहुणे गेले की बास्केटबॉल. त्यातही एनबीएची आठची मॅच. साडेदहाची ज्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे त्यांनी लावावी. अर्थात २०२५ ला तीच मॅच भाव खाऊन गेली. डेन्व्हरच्या योकिचने मिनेसोटाविरुद्ध ५६ गुण काढले, जादा वेळ खेळावा लागला आणि मी झोपून गेलो होतो.

दोन्हीकडे एक धोका सारखाच: मॅच महिनोन्‌महिने आधी ठरतात, एनएफएलच्या मे महिन्यात, एनबीएच्या ऑगस्टमध्ये. २०२५ ला चीफ्सची मॅच ठेवली ती मुख्यतः त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू) माहोम्सकडे बघून. नाताळच्या अकरा दिवस आधी त्याचा गुडघा गेला. आयत्या वेळी बोलावलेल्या पाहुण्यासारखा तिसराच क्वार्टरबॅक खेळला. एनबीएतही तारे दुखापतीने बसतात, पण तिथे पाच मॅच असतात, एक पडली तर दुसरी लावता येते. हा बास्केटबॉलचा मोठा फायदा मी भाच्याला सांगायला विसरलो.

खर्चाचं थोडक्यात. एनबीएच्या पाचही मॅच २०२४ आणि २०२५ ला एबीसी या चॅनलवर होत्या, म्हणजे छतावर किंवा खिडकीत साधा अँटेना असला तरी फुकट. फुटबॉलला नेटफ्लिक्स लागतं, आणि २०२५ ला रात्रीच्या मॅचसाठी प्राइमही लागलं. खेळणाऱ्या संघांच्या शहरांत मात्र ती मॅच स्थानिक चॅनलवर दाखवतात. नेटफ्लिक्स आपल्या घरोघरी असतंच, त्यामुळे प्रश्न पैशांचा फारसा नाही, पासवर्ड कुणाला आठवतो याचा आहे.

मराठी म्हणून कुणाची बाजू घ्यायची असेल तर सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि २०१९ मध्ये वरळीत एनबीएच्या दोन मॅच झाल्या त्या त्यांच्याच संघाच्या. पण नाताळच्या पंगतीला किंग्जना ना २०२४ ला बोलावणं आलं ना २०२५ ला.

पुण्या-मुंबईहून बघणाऱ्यांचं गणित वेगळं पडतं. निक्सची दुपारची मॅच तिकडे रात्री साडेदहाला सुरू होते, फुटबॉलची पहिली साडेअकराच्या सुमारास, आणि ती नेटफ्लिक्सवर भारतातही दिसते. दोन्हीपैकी एक लावून झोपता येतं. फुटबॉलची दुसरी पहाटे तीनची, ती सोडाच. एनबीएची आठची मॅच सकाळी साडेसहाला येते, चहाबरोबर. माझा धाकटा भाऊ तीच बघतो, आणि शेवटची दोन मिनिटं फाउल आणि टाइमआउट करत वीस मिनिटं चालतात म्हणून दरवर्षी त्याची कंपनीची बस चुकते.